आवाज हळूच उतरवायचा

लोकांचे आवाज बंद करायचे मला पैसे मिळतात, असं मी कुणाला सांगितलं की बायको डोळे वटारते. "अरे, साउंड इंजिनियर म्हण ना सरळ!" बरं बाई, साउंड इंजिनियर. मस्कतमधल्या हॉटेलांत परिषदा भरतात, तिथले माइक आणि स्पीकर मी सांभाळतो. हॉलच्या अगदी मागे कोपऱ्यात माझं टेबल, टेबलावर मिक्सर, कानाला हेडफोन. माइक सुरू करायला काही अक्कल लागत नाही. बंद कसा करायचा, खरी कला तिथे आहे.

ती कला मी वसईला लग्नांत शिकलो. आमच्याकडे रिसेप्शनला नवरा-नवरीसाठी टोस्ट उचलायला, म्हणजे कौतुकाचे चार शब्द बोलायला, घरातला एखादा काका उभा राहतो, आणि हा काका मुलाच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो. बँडवाले ताटकळलेत, जेवण निवतंय, लहान पोरं पेंगतायत, आणि काका अजून मुलाच्या बालवाडीतच. अशा वेळी माइक खाडकन बंद केलात तर मेलात! अपमान झाला म्हणून काका न जेवता जाणार आणि ते वैर नातवंडांपर्यंत चालणार. म्हणून आवाज हळूच उतरवायचा. मिक्सरवर प्रत्येक माइकची एक सरकती खटकी असते, तिला आम्ही फेडर म्हणतो. ती बोटाने केसभर खाली घ्यायची, थांबायचं, पुन्हा केसभर. काकाला वाटतं आपलाच घसा बसला. तो खाकरतो, पाणी पितो आणि स्वतःच म्हणतो, "बरं, तर मंडळी..." झालं काम. कुणाचा अपमान नाही, भांडण नाही. मला ह्या कलेचा अभिमान होता. थोडा अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

गेल्या हिवाळ्यात मस्कतच्याच बौशर भागातल्या एका हॉटेलात तीन दिवसांची बैठक होती. लहान लहान बेटांचे देश एकत्र आले होते. एकेकट्याने सोलर पॅनल आणि बॅटऱ्या घ्यायला गेलं तर त्यांना कुणी दारात उभं करत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून घ्यायचं, एकमेकांचे मेकॅनिक वापरायचे, वादळ आलं की एकमेकांना खबर द्यायची, असं चाललं होतं. चांगली गोष्ट होती, मला मनापासून पटली. सगळ्यात जास्त मागणी होती ती सोलरवर चालणाऱ्या पाण्याच्या मशीनला. समुद्र चढला की बेटावरच्या विहिरींत खारं पाणी शिरतं. हे मशीन ते गोडं करतं आणि त्याला डिझेल लागत नाही. पण पहिल्या खेपेला मशीनं थोडी आणि मागणारी बेटं भरपूर. म्हणून त्यांनीच नियम केला होता: जिथे घरं जास्त, तिथे आधी. ज्या बारक्या बेटांचा नंबर लागणार नाही, तिथल्या लोकांनी सामानसुमान उचलून मोठ्या बेटावर राहायला जायचं.

पहिल्या सकाळी सगळ्यांच्या आधी एक बाई आली. तिशीची असेल. तिच्या देशाच्या वीजखात्यात इंजिनियर होती. हिंदी सिनेमे बघून बघून शिकलेलं हिंदी फर्डं बोलायची. "भय्या, माइक बघू जरा?" म्हणाली. मला वाटलं, हॅलो हॅलो करील आणि जाईल. तर हिने पर्समधून कागद काढला आणि अख्खं भाषण वाचायला लागली.

"मॅडम, नुसतं वन टू थ्री म्हटलं तरी चालतं," मी म्हणालो.

"नाही, माझा आवाज मागच्या खुर्चीपर्यंत जातो का ते बघायचंय. मला ह्या कामाला एकदाच उभं राहायला मिळणार आहे."

काम काय ते तिने मग सांगितलं. तिचं जन्माचं बेट बारकं. घरं मोजकी, एक मशीद, एक जेटी. आई गेलेली, बाप तिथेच. मासेमारी सोडल्यापासून तो मशिदीची पावसाच्या पाण्याची टाकी सांभाळतो, कारण विहिरीचं पाणी आता कुणाच्या तोंडाला लागत नाही. मशीन मिळालं तर बेट राहणार. नाही मिळालं तर बापाला उठवून मोठ्या बेटावरच्या चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. "तो माझं तोंड बघणार नाही," ती म्हणाली. "विहिरीचं पाणी कसं झालंय सांगू? धड खारटही नाही, धड गोडंही नाही."

"मचूळ," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मचूळ," तिने दोनदा म्हणून बघितलं. मग आम्ही शब्दच जुळवत बसलो. त्यांच्यात माशाला मस म्हणतात, मिठाला लोणू. मी तिला लोणचं सांगितलं तर हसायला लागली. बापाला काय म्हणता विचारलं, तर म्हणाली, बप्पा.

मचूळ हा शब्द मला आठवायला नको होता. वसईला आमची वाडी आहे, केळीची. ती वाडी सोडून मी मस्कतच्या ह्या वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये येऊन पडलो, असा विनोद मी स्वतःच करतो आणि स्वतःच हसतो. वाडीतली विहीर दोन उन्हाळे झाले मचूळ होत चाललीय, केळीची पानं कडेने करपतात, असं शेजारी सांगतात. पप्पा सांगत नाहीत. त्या संध्याकाळी मी मुद्दाम फोन केला.

"पप्पा, विहिरीचं पाणी कसंय?"

"गोड आहे रे. काय झालंय त्याला?"

आणि मागून कुणीतरी ओरडलं, "काका, जार ओट्यावर ठेवू की आत?" विकतच्या पाण्याचा जार! आता सांगा, ज्याचा धंदाच ऐकण्याचा, त्याच्यापासून म्हातारा काय लपवणार? "मचूळच झालंय," असं पुटपुटत मी फोन ठेवला. नळाचं पाणी पीत बाजूला लेक उभी होती, तिने विचारलं, "मचूळ म्हणजे व्हॉट, डॅडी? डर्टी?" मी म्हटलं, डर्टी नाही ग बाळा, आणि पुढे मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी भाषणं होती. आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, सकाळीच मला बजावून गेला की वेळ संपला की अध्यक्ष पेन वर करतील, पेन दिसलं की त्या माणसाचा माइक उतरवायचा. ठीक आहे, म्हटलं, आपलं रोजचंच काम.

आधी पॅनल विकणाऱ्या कंपनीचा माणूस उभा राहिला. सुटाबुटातला. पडद्यावर चित्रं दाखवत बोलतोय, बोलतोय, बोलतोय. मी पेनाकडे डोळे लावून बसलोय, पेन आपलं टेबलावर झोपलेलं! वसईच्या काकाने ह्याच्याकडे शिकवणी लावावी. मला असा राग आला म्हणून सांगू! बरं, अध्यक्षही बेटावरचाच, त्याच्याही देशाची दोन बेटं मशीन मिळणाऱ्यांच्या यादीच्या कडेला लटकत होती. पण पॅनल ज्याच्याकडून घ्यायची, त्याला गप्प कोण करणार? ह्या माणसाने सगळ्यांचा वेळ खाल्ला आणि जेवणाच्या तोंडावर आमच्या मॅडमचा नंबर आला.

ती छान बोलत होती. सुरुवात घरांच्या संख्येने न करता तिने टाकीने केली. पाऊस लांबला की तिचा बाप टाकीवर ठोकून बघतो, आवाजावरून पाणी किती उरलं ते सांगतो, आणि त्यावर ठरतं की आज कुणाच्या घरी किती हंडे. लोक कॉफीचे कप ठेवून ऐकायला लागले होते. आणि पेन वर झालं.

मी बघितलंच नाही असं केलं. पेन टेबलावर टकटक वाजलं. मी मिक्सरमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात अर्बाब मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. "यल्ला," चल, उरक, एवढंच म्हणाला. वाईट माणूस नाही तो, पण पुढच्या तीन बैठकांचं काम ह्याच लोकांकडे होतं. मी बोट फेडरवर ठेवलं. केसभर खाली, थांब, पुन्हा केसभर. ती खाकरली. मग तिने ग्लास उचलला, पाणी प्यायली, आणि पुन्हा बोलायला लागली. हॉलमध्ये तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. अध्यक्ष म्हणाले, थँक यू, आणि सगळे जेवायला उठले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोंडावरचा हात माझा.

माझ्या हेडफोनमध्ये मात्र ती शेवटपर्यंत होती. कारण रेकॉर्डिंगचं गणित वेगळं असतं. माइकचा आवाज फेडरपर्यंत पोचायच्या आधीच रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये जातो. हॉलमध्ये काहीही होवो, तिथे माणूस जसा बोलला तसाच राहतो. शेवटी ती घरांच्या नियमावरच बोलत होती. म्हणत होती, आज आम्ही थोडे म्हणून आम्हाला गाळाल, उद्या मोठे देश तुम्हालाही हेच कारण सांगतील. ते वाक्य त्या हॉलमध्ये फक्त मी ऐकलं.

जेवणानंतर ती माझ्या टेबलाशी आली. "भय्या, ऐनवेळी घसा बसला माझा. मागपर्यंत आलं का?"

"एसी फार आहे इथे," मी म्हणालो.

"रेकॉर्डिंग मिळेल? बप्पाला पाठवायचंय. जेटीवर सगळे वाट बघतायत."

मी अर्बाबला विचारलं. तो म्हणाला, तिचंच बोलणं आहे, दे तिला, खलास. मी तिला हेडफोन लावून ऐकवलं. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ह्यात तर माझा घसा बसलेला नाहीये," ती म्हणाली.

"मशीन चांगलं आहे, मॅडम."

तिने माझ्याकडे बघितलं, मग फेडरकडे. इंजिनियर होती, तिला कळायला किती वेळ लागणार? वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार, आणि सुनावले असते तर बरं झालं असतं. तिने हेडफोन काढून नीट जागेवर ठेवला. "बप्पाला हेच पाठवते," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी यादी वाचली गेली. तिचं बेट यादीत नव्हतं. टाळ्या झाल्या, फोटो झाला, कंपनीवाल्याने सगळ्यांना टोप्या वाटल्या. माझी माणसं वायरी गुंडाळायला लागली. मी मिक्सर झाकत होतो तर ती समोर उभी.

"भय्या, हे ऐक," म्हणाली आणि फोन माझ्या कानाला लावला. सकाळीच बापाचा निरोप आला होता. म्हाताऱ्याचा आवाज मोठा, मस्त खुशीतला. भाषा कळली नाही, पण मागचं सगळं मला ओळखू आलं. काथ्याने सिमेंट घासल्याचा आवाज, बादली आपटल्याचा, पोरांचं खिदळणं, आणि सगळं घुमत होतं, पोकळ जागेत घुमतं तसं.

"बप्पा म्हणतो, तुझा आवाज खणखणीत होता," तिने सांगितलं. "जेटीवर सगळ्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला. म्हणतो, एवढं ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? मशीनचं पाणी घाणेरड्या टाकीत नको, म्हणून होतं ते पाणी घरोघर वाटून टाकलं आणि सगळे मिळून टाकी घासायला घेतलीय."

होतं ते पाणीही वाटून टाकलं! चांगलं रेकॉर्डिंग दिलं तेच नडलं की हो. घसा बसलेलं दिलं असतं तर म्हाताऱ्याने निदान टाकी तरी रिकामी केली नसती.

"काय सांगू त्याला?" तिने मला विचारलं. मला, कोपऱ्यातल्या साउंडवाल्याला! मी तिला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. ती प्यायली नाही. तिने फोन तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "जरा शांत करशील?"

मी माझ्या माणसांना बाहेर पाठवलं. स्पीकर बंद केले, एसीसुद्धा बंद केला. हॉल एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता.

"बप्पा," ती म्हणाली. पहिला शब्द असा ठणठणीत, की माइकशिवाय मागच्या खुर्चीपर्यंत पोचला. मग ती सांगायला लागली. टाकीसारखा एक शब्द मला ऐकू आला, तिथे तिचा आवाज केसभर खाली गेला. थांबली. पुन्हा बोलली, पुन्हा केसभर खाली. ती खाकरली, आणि पुढे नुसते ओठ हलत राहिले.

ह्या वेळी माझं बोट कशावरच नव्हतं.