तंबोरे लावणारे मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन शेवंताबाईंचा होता. त्या मूळच्या वारज्याच्या, मामांकडे कित्येक वर्षं स्वयंपाकाला. "ताई, दादा उठनात. तुमी या लवकर," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजामागे मला कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मी समजले. मामी गात असेपर्यंत त्या घरात कुकर चढवायची कुणाची छाती नव्हती. पुढे शेवंताबाईंनीच सांगितलं, की दिवाणखान्यातून तंबोरा ऐकू आला नाही, म्हणून आज गाणं नाही असं धरून त्यांनी कुकर लावला, आणि मग चहा घेऊन मामांना उठवायला गेल्या...

वारज्यातलं ते घर म्हणजे कालव्याच्या कामावरच्या एका इंग्रज साहेबाने उन्हाळ्यात राहायला बांधलेला दगडी बंगला. मामांच्या आजोबांनी तो घेतला तेव्हा भोवती माळ होता आणि पुण्याहून टांग्याने जावं लागे. आता तिन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या आहेत आणि दुपारी तीननंतर अंगणात ऊन येत नाही. बंगल्याचं नाव ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत असल्यामुळे तो पाडता येत नाही आणि धड दुरुस्तही करता येत नाही. "आम्हा दोघांचंही तसंच आहे," मामा म्हणत. दिवाणखाना मात्र अजून तसाच आहे. सागवानी छत, शहाबादी फरशी, आणि खिडकीशी गवसणी घातलेले दोन तंबोरे. त्या खोलीत मामींनी सा लावला की स्वयंपाकघरातल्या माणसालाही तो पाठीमागून कुणी बोलावल्यासारखा ऐकू येई.

मामी गाणाऱ्या. एके काळी त्यांच्या बैठकींना लांबून माणसं येत. मामा सरकारी कचेरीत कारकून, गाण्यातलं औषधालासुद्धा कळत नव्हतं. लग्नानंतर ते एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले, तारा चढवायला आणि जवारी काढायला, म्हणजे तार गुंजेल अशी घोडी घासायला शिकले, का तर बायकोचा सकाळचा वेळ खुंट्या पिळण्यात जायला नको. तेव्हापासून रोज मामी उठण्याआधी तंबोरे लावून ठेवणं हे त्यांचं काम झालं. मामींचा रियाज संपेपर्यंत घरात फोडणी होत नसे, कारण त्यांना ठसका लागे. शिट्टीने सूर तुटे म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजे. पेटी तर त्यांनी घरात येऊच दिली नाही. पेटीचे सूर खोटे असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्या कायद्यांची अंमलबजावणी मामांकडे होती, आणि बक्षीस काय, तर आल्यागेल्यासमोर मामी सांगत, "यांना सूर कळत नाही हो, नुसत्या खुंट्या कळतात." मामा हसत आणि पाहुण्यांना पोहे आणून देत. मला मामींचा राग येई, आजही येतो.

मामी काळी चारमध्ये गात, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. बायकांचा आवाज वयाबरोबर खाली येतो आणि बहुतेक जणी मुकाट्याने पट्टी उतरवतात. मामींनी उतरवली नव्हती आणि हा त्यांचा मोठा अभिमान होता. बरोबरीच्या कुणी खालून गायला लागली, की मामी शांतपणे म्हणत, "आता तिने भजनी मंडळ बघावं." सत्तरी उलटली, बाहेरचं गाणं थांबलं, गुडघे गेले, एका डोळ्याने दिसेनासं झालं. पण सकाळी दिवाणखान्यात बसून वरचा सा लावला, की त्यांचा चेहरा उजळे. "हा आहे ना, मग बाकीचं काय जायचं ते जाऊ दे," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. त्यांच्यापाशी शेवटी तेवढंच उरलं होतं.

मी शाळेत संगीत शिकवलं, म्हणजे जन्मभर पेटी बडवली. त्यामुळे काही वर्षांपूर्वी एका सकाळी मामींच्या मागे तंबोरा घेऊन बसले तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यांच्या सुरात गाताना एरवी माझी दमछाक व्हायची, त्या दिवशी अजिबात झाली नाही. घरी येऊन पेटीवर पाहिलं. काळी चार नव्हतीच, काळी दोनच्या आसपास कुठेतरी होतं. पुढच्या खेपेला मामा ओट्याशी दूध तापवत होते, तेव्हा विचारलं. ते साय बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "घरात पेटी नाही ते किती बरं, नाही का?"

वर्षानुवर्षं ते तंबोरे थोडे थोडे उतरवत आले होते. आज केसभर, मग काही महिने काहीच नाही, मग पुन्हा केसभर. तारा ढिल्या पडायला लागल्या तेव्हा जाड तारा आणून चढवल्या. मामींचा आवाज कुठे ओढला जातो हे ते स्वयंपाकघरातून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच खाली घेत. ज्या माणसाला सूर कळत नव्हता, त्याचं हे काम. मी म्हटलं, "मामा, त्यांना कळलं तर?" ते म्हणाले, "आवाज म्हातारा झाला तर होऊ दे. ती कशाला व्हायला हवी?" बाहेरच्या खोलीत मामी वरच्या सा-वर होत्या आणि फार छान लागला होता तो.

मामांचे दिवस झाल्यानंतर काही दिवसांनी मामी म्हणाल्या, यांच्यासाठी थोडं गाईन. तंबोरे मामांनी ठेवले तसेच होते आणि त्यांना हात लावायचा कुणाला धीर होत नव्हता. मामींची जुनी शिष्या गार्गी, त्यांना ताई म्हणणारी, आता खराडीला नोकरी करते, ती रजा काढून आली होती. तिने मोबाइलवरचा तंबोरा सुरू केला आणि अर्थातच काळी चारवर ठेवला, ताईंची पट्टी कुणाला ठाऊक नाही? मी पुढे होईपर्यंत मामींनी डोळे मिटले होते. खालचा सा कसाबसा लागला. पंचमाला आवाज चिरकला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा वर गेल्या, पुन्हा तिथेच फाटला. गार्गी घाबरून म्हणाली, "ताई, स्केल थोडं लो करू का? ॲपमध्ये होतं लगेच."

"नको. बंद कर ते," मामी म्हणाल्या. त्यांनी खिडकीजवळच्या तंबोऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून?"

मी म्हटलं, नक्की मलाही माहीत नाही.

"मला वाटायचं, माझा आवाज टिकला..." एवढं बोलून त्या उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मला फसवलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी मामांचा सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मामा असते तर भांडता तरी आलं असतं. खूप भांडल्या असत्या त्या, आणि मामांनी पोहे केले असते.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्यांनी आपण होऊन गवसणी काढली. हवेने तारा उतरल्या होत्या, दोन्ही तंबोरे दोन दिशांना गेले होते. "लाव," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की मी लगेच खुंटीला हात घातला आणि विचारलं, "कुठल्या पट्टीत लावू?"

आपला सा कुठे आहे हे मामींना सांगता येत नव्हतं. मलाही नक्की सांगता येईना, मी पेटीवर पाहिला होता त्याला वर्षं झाली, तेव्हापासून मामांनी तो आणखी किती खाली नेला असेल कोण जाणे. "ते त्यांना ठाऊक," मामी शेवटी म्हणाल्या आणि गवसणी पुन्हा चढवायला लागल्या. त्यांना नाडी दिसेना, म्हणून मी बांधली. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. शेवंताबाई हल्ली सकाळीच डाळ-भात लावून मोकळ्या होतात. मामींनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.