गप्प बसणाऱ्या भोईर मॅडम

भोईर मॅडम प्रश्न विचारायच्या आणि मग ओठ घट्ट मिटून मनात दहापर्यंत मोजायच्या. मोजताना मान किंचित हलायची, म्हणून कळायचं. मुलांना बोलतं करणाऱ्या बाईनेच इतकं गप्प बसावं, याचं आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये सगळ्यांना नवल वाटे. आमच्याकडे समोरच्याचं वाक्य संपायची वाट पाहणाऱ्या माणसाला आजारी समजतात.

माझी मुक्ता स्वमग्न आहे. सात वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि रोज संध्याकाळी जमिनीवर लोळून किंचाळायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी भूक समजून जेवणाची वेळ अलीकडे आणली, तर किंचाळणंही अलीकडे आलं. तिला काय होतं, एवढं तिने मला सांगावं. देवाकडे माझं दुसरं मागणं नव्हतं.

मॅडम तिला शिकवायला बदलापूरच्या पलीकडच्या गावातून स्कूटीवर सकाळी अकराला यायच्या. पहिल्या दिवशी वही घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि अर्धा तास नुसत्या रेघा मारत राहिल्या. "ह्ये माझं संशोधन," म्हणत त्यांनी वही पुढे केली. कोण किती वेळा बोललं, त्याच्या रेघा होत्या. माझ्या नावापुढे दोन ओळी भरल्या होत्या, सासूबाई जवळपास बरोबरीत, मुक्तापुढे काहीच नाही.

"ताई, तुम्ही 'पाणी हवं?' इचारता, 'हवं ना' म्हणता नि पेला तोंडाला लावता. सवाल तुमचा, जबाब तुमचा. पोरीनं सांगायचं कवा?"

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

मग त्यांनी तव्यापासून मोरीतल्या बादलीपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढला आणि त्यांची एक वही केली. जे हवं त्याच्या फोटोवर मुक्ताने बोट ठेवायचं. पहिल्यांदा पाण्याचा पेला हातात धरून त्या थांबल्या, तेव्हा समोरच्या लाजो आंटी दारातूनच ओरडल्या, "अरे, दे दे ना! बच्ची को प्यासा मारेगी क्या?" मॅडमनी त्यांनाही खूण करून गप्प बसवलं. आंटी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्या असतील. तेवढ्यात मुक्ताचं बोट पेल्याच्या फोटोवर गेलं, आणि टाळ्या सगळ्यात आधी आंटींनी वाजवल्या.

महिन्याने मॅडमनी वहीत लाल फुलीचं पान घातलं. म्हणजे 'नको'.

"अहो, ती आधीच सगळ्याला नाही म्हणते," मी म्हटलं.

"आरडून म्हणते ना? मंग बोटानं म्हणू दे. नुसतं हवं-हवं शिकवून काय, पोपट पाळायचाय?"

तरी मी ते पान चुपचाप काढून फ्रिजवर ठेवलं. पुढच्या खेपेला मॅडमनी ते शोधून परत लावलं.

एका संध्याकाळी मी कुकर गॅसवर ठेवत होते. मुक्ता वही घेऊन आली. "भूक लागली? लागली ना?" तोंडाशी आलं होतं, ते गिळलं आणि मोजायला लागले. सातावर तिने कुकरच्या फोटोवर बोट ठेवलं. मग लाल फुलीवर.

शिट्टी! ती शिट्टीला भिऊन किंचाळत होती, आणि तिला शांत करायला मी रोज घाईने कुकर लावत होते. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडले.

मॅडमना सांगितलं तर आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "मी सकाळची येते ना, मला कुकर कधी ऐकूच नाय आला!" आणि लगेच म्हणाल्या, "पुढल्या महिन्यापासून तुमची येळ अंबरनाथच्या एका पोरीला देते. तिची आई कवाधरनं थांबलीय."

मी हातापाया पडले. अजून किती शिकायचंय, तुम्ही गेलात तर मी कोणाशी बोलू, असं बरंच काही म्हणाले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग स्कूटीची किल्ली उचलली.

"आता कोणाशी म्हणून काय इचारता, ताई? तुमच्याशी बोलणारी हाय की घरात."