कमरेत सैल

राजारामपुरीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात एक गृहस्थ दर दिवाळीला यायचे. अंगाने काडी, पण शर्ट हवा पोत्यासारखा. टेप कमरेपाशी नेली की त्यांचा डावा हात आडवा यायचा.

"अंगाला हात न्हाय लावायचा, मास्तर. ह्यो जुना शर्ट घ्या, माप त्यातनं काढा."

अत्तर तर एवढं लावायचे, की ते गेल्यावरही दुकानात वास राहायचा. दारूबंदीच्या त्या दिवसांत लोक रबरी ट्यूबमध्ये दारू भरून कमरेला बांधून आणायचे. हा गडी त्यातलाच, अशी माझी खात्री झाली. दारूचा वास लपवायलाच अत्तर, दुसरं काय?

चौथ्या दिवाळीला मी मुद्दाम शर्ट कमरेत चार इंच कमी बेतला. घालून बघताना डावीकडे फुगवटा दिसलाच.

"हे काय हाय, पावणं? खरं सांगा."

त्यांनी पडदा ओढला आणि शर्ट वर केला. पोटावर कापडी पट्टा, पट्ट्यात अडकवलेली प्लास्टिकची पिशवी.

"आतड्याचं आपरेशन झालंय. संडास आता हितनंच हुती, ह्या पिशवीत."

मी नजर वळवली.

"बघा की. बायकोला खोलीत दिवा लावू देत न्हाय मी. तिनं अजून न बघितलेलं तुमी बघितलं." त्यांनी शर्ट उतरवून माझ्या हातात दिला. "तेवढा उसवून सैल करा."

पुढेमागे सैल करता यावा म्हणून शिंपी शिवणीत कापड सोडतो. मी ते बोटभरही सोडलं नव्हतं.