तारीख नसलेलं गाव

परिपाठात दिनविशेष वाचताना भुरे गुरुजी चपला काढून ठेवायचे. टेलिफोन कधी निघाला, पहिला बोलपट कधी लागला, माणूस चंद्रावर कधी उतरला, सगळं अनवाणी उभं राहून. मी त्याच शाळेत मास्तर, मला हसू आवरायचं नाही. चिडवलं की म्हणायचे, "ज्याची तारीख ध्यानात हाये, तो जित्ता, सर. बाकीचे मेले."

गुरुजींचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. शाळा पुनर्वसनाच्या नव्या गावातली, पोरंही इथलीच जन्मलेली. त्यांना चंद्राची तारीख पाठ होती, आजोबांच्या गावाची नव्हती. गुरुजींना हे फार सलायचं. गाव बुडालं तो दिवस परिपाठात वाचायचा, हा त्यांचा एकच हट्ट. मुख्याध्यापकही हो म्हणाले. आता फक्त तारीख हवी होती.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. गुरुजींनी म्हातारी माणसं समाजमंदिरात जमवली. लक्ष्मणबुवा म्हणाले, धानाच्या बांधीत, शेतात, पाणी शिरलं तो दिवस धरा. सखूबाई उसळल्या, "बांधी म्हनजे गाव होय का जी? माही चूल बुडाली तो दिवस लिवा!" कुणी एसटी बंद झाली तो दिवस सांगितला, कुणी वीज तोडली तो. धरणाचं पाणी काही एका दिवसात आलं नव्हतं. उंबऱ्याशी यायचं, ओसरायचं, पुन्हा यायचं. सभा शिव्यांवर मोडली. गुरुजी दर वर्षी सभा बोलवत आणि ती दर वर्षी तशीच मोडे.

एकदा मी वैतागून म्हणालो, "कशाला एवढा जीव जाळता, गुरुजी?"

"मानूस मेला त तेरवी होते, सर. गाव मेलं, त्याची तेरवी कोन्त्या दिवशी करू?"

यंदा गुरुजी काविळीनं गेले. शोकसभेला जुन्या गावची मोजकीच म्हातारी माणसं उरली होती. मला वाटलं, निदान आज त्यांच्यासाठी तरी हे ठरेल. मी उठून विचारलं, "मग कुठली तारीख धरायची?"

सखूबाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. "तुमाले बरी वाटन ते लिवा, सर. आता का फरक पडते?"

भांडण व्हावं असं मला आयुष्यात कधी इतकं वाटलं नव्हतं. मी लक्ष्मणबुवांकडे पाहिलं, हे तरी बांधीचं नाव काढतील म्हणून. ते काठी शोधत उठले.