फिका पडलेला पट्टा

मेंदू बादलीत नुसता टाकत नाहीत. त्याच्या बुडाशी एक रक्तवाहिनी असते, तिच्याखालून दोरा ओवायचा, दोऱ्याची टोकं बादलीच्या काठाला बांधायची आणि मेंदू फॉर्मेलिनमध्ये उलटा तरंगत ठेवायचा. तळाला टेकला तर एका बाजूने चपटा होतो. मग तीन आठवडे थांबायचं. तो उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट झाला की कापायचा.

हे काम मी सुरतच्या एका मेडिकल कॉलेजात चोवीस वर्षं करतो आहे. आमच्या मॅडम पार्किन्सन आणि अल्झायमर झालेल्या माणसांच्या मेंदूवर संशोधन करतात. त्या सूक्ष्मदर्शकात बघतात आणि लिहितात. मी कापतो, तुकडे मेणात बसवतो, केसापेक्षा पातळ अशा त्यांच्या चकत्या पाडतो आणि त्या रंगवतो. कंटाळलो आहे असं म्हटलं तर मॅडमना वाईट वाटेल, म्हणून पाठ दुखते असं सांगतो. पाठही दुखतेच म्हणा.

माझ्याकडे आणखी एक काम आपोआप आलं. मॅडम गुजराती, आणि दवाखान्यात येणारे पुष्कळ पेशंट आपले, खानदेशातले नाहीतर विदर्भ-मराठवाड्यातले. माणूस गेल्यावर काही तासांत मेंदू काढावा लागतो. त्यासाठी घरच्यांची सही हवी, आणि सही मागायला भाषा हवी. म्हणून मला पाठवायचे. माझं बोलणं पाठ झालं होतं. चेहऱ्याला धक्का लागत नाही. टाके केसांत, मागच्या बाजूला असतात. अंत्यविधीत काही फरक पडत नाही. तुमच्या माणसामुळे उद्या दुसऱ्या कुणाचा आजार कळेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसं चाललं होतं.

एकदा सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या एका बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या अकोल्याकडच्या. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. शेवटची चार वर्षं घरातल्या घरात रस्ता चुकायचा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, मंग कवटी फुटन ना?"

आपल्याकडे चिता पेटल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत. कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत बसून राहतात. आवाज आला की जीव सुटला, मग उठायचं. आता आम्ही कवटी करवतीने गोल कापतो, मेंदू काढतो आणि झाकण परत बसवून वरून कातडी शिवतो. कापलेली कवटी फुटत नाही, कारण आत कोंडून राहायला काही उरलेलंच नसतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, हो, फुटेल. बाईंनी अंगठा दिला. तो मेंदू फार चांगला निघाला, मॅडम खूश झाल्या. मी बाईंकडे पुन्हा कधी गेलो नाही.

माझे वडील सुरतेतच पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर होते. व्यापाऱ्याने चिंधी आणून दिली की ती उजेडात धरून तोच रंग कापडावर उतरवायचा, हे त्यांचं काम. यंत्रं आली तरी शेठ शेवटी वडिलांनाच विचारायचा. रंगवलेल्या कापडाच्या प्रत्येक लॉटमधून चार बोटांचा तुकडा कापून ते एका जाड वहीत चिकटवायचे. लॉट चांगला निघो की बिघडो, तुकडा ठेवायचाच. बिघडलेल्याचा तर आधी ठेवायचा, कारण पुढच्या वेळी तोच उपयोगी पडतो. अशा अकरा वह्या आमच्या घरी फळीवर होत्या आणि त्यांना हात लावायची आईलाही मुभा नव्हती.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा आम्ही दोन वर्षं रसायनांना दोष दिला. मीसुद्धा. बादल्यांत त्याच आजाराचे मेंदू ठेवणारा माणूस मी, आणि बापाचं पाऊल फरफटायला लागलं, अक्षर मुंगीएवढं झालं, तरी मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार दुसरा काय असतो. याची मला आजही लाज वाटते.

पुढे त्यांना घरात नसलेली माणसं दिसू लागली. दाराशी दोघं उभे आहेत, पलंगाखाली कोणी बसलंय. अशाच दिवसांत माझे काका गावाहून आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, शेती बघणारे, डोक्यावरची पांढरी टोपी झोपतानाच काढणारे. वडिलांनीच त्यांना शिकवलं, त्यांचं लग्न लावलं. काका पाणी प्यायला बसले आणि वडील थरथरत उठले. त्या दोघांना तूच आणलंस, माझ्या वह्या न्यायला आलास, असं म्हणाले. मग आमच्या अहिराणीत म्हणाले, "तू चोर शे. मना घरमा पाय ठेवू नको."

काकांनी पेला खाली ठेवला. हा आजार आहे, मनावर घेऊ नका, असं मी जिन्यापर्यंत सांगत गेलो. काका म्हणाले, आजाराला माझं नाव कुठून माहीत? त्यानंतर दोन वर्षं ते सुरतला आले नाहीत.

वडिलांचं डोकं सकाळी तासभर साफ असायचं. अशाच एका सकाळी त्यांनी विचारलं, की तू जे बघतोस त्यात या आजाराचं काय दिसतं. मी सांगितलं, मेंदूच्या देठात एक काळा पट्टा असतो, तुमच्या आजारात तो फिका पडतो. त्यांना हे एकदम पटलं. रंग कशाने उतरतो, पाण्याने की उष्णतेने, असं विचारलं. मी म्हटलं, तेच अजून नीट कळलेलं नाही. त्यांची हनुवटी सारखी हलत होती.

"लॉट बिघडना तरी नमुना ठेवतस ना?" ते म्हणाले. "मना बी ठेव."

मी हो म्हटलं नाही. पाठ झालेलं सगळं बोलणं त्या घटकेला कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी आईला बोलावून तिच्यासमोर तेच परत सांगितलं आणि तासाभराने विसरून गेले.

ते गेले ते पहाटे, आमच्याच दवाखान्यात. मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो आणि खरं सांगतो, काहीच करू नये असं वाटत होतं. आमच्या नात्यातला माणूस सुरतेत गेला तरी जाळायचा गावी, तापीकाठी, हा रिवाज. काकांना फोन केला की सगळं गाव वाट बघत बसणार. मी मेंदूचं नाव काढलं नसतं तर कोणाला काही कळलं नसतं. आईने माझ्याकडे बघितलं. "तुना बापनी सांगेल शे," ती म्हणाली. "दी टाक." आणि तिने सही केली.

मॅडमनी मला आत येऊ दिलं नाही. माझ्या सहकाऱ्याने काम केलं, मी बाहेरच्या बाकावर बसून करवतीचा आवाज ऐकला. तो आवाज मी आयुष्यात किती वेळा ऐकला असेल. रडू आलं नाही, फक्त खूप दमल्यासारखं वाटलं. काकांना मी फोनवर एवढंच सांगितलं की कागदपत्रांमुळे थोडा उशीर होईल. वडिलांच्या डोक्याला पांढरं फडकं बांधून घेतलं आणि आम्ही निघालो. व्यारा गेलं, सोनगड गेलं, नवापूर गेलं. मी वाटभर मनातल्या मनात त्या कडोदऱ्याच्या बाईंना उत्तरं देत होतो.

गावी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंगणात पाट मांडलेला, पाणी तापलेलं. अंघोळ घालायला काका पुढे झाले. दोन वर्षांचा राग त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता. माझ्याशी ते बोललेही नव्हते. फडकं सोडू नका, जखम आहे, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी डोक्यावर तांब्या ओतला आणि फडकं सरकलं. काकांचा हात कानामागे गेला आणि तिथेच थांबला. टाके या कानापासून त्या कानापर्यंत होते. मी खाली बघत राहिलो. आता ते ओरडतील, भावकी गोळा होईल, आईला चारचौघांत जाब विचारतील, असं वाटलं.

काकांनी टॉवेल मागितला. डोकं हलक्या हाताने पुसलं. मग स्वतःची टोपी काढून वडिलांच्या डोक्यावर घातली आणि दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत खाली ओढली. वडिलांनी सुरतला आल्यापासून टोपी घातली नव्हती. कोणीतरी म्हणालं, तुमची कशाला, नवी आणू की. काका म्हणाले, राहू द्या. काकांना चारचौघांत उघड्या डोक्याने मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मडकं घेऊन फिरलो, अग्नी दिला. लोक नदीच्या उतारावर बसले. तासभर गेला. लाकडं चांगली होती, वाराही होता. आवाज काही येईना. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकाने विचारलं, ऐकू आलं का कोणाला? दुसरा म्हणाला, अजून नाही, थांबावं लागेल. किती थांबले तरी काही ऐकू येणार नाही, हे तिथे मला ठाऊक होतं. बापाचं ऐकलं म्हणून बापालाच चितेवर अडकवून ठेवल्यासारखं वाटत होतं. उठून खरं सांगावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा बसून राहिलो.

काका चितेच्या अगदी जवळ उभे होते. ते मागे वळले.

"कवटी फुटनी," ते म्हणाले. "चला आते, दिन बुडी ऱ्हायना."

लोक उठले. एकाने सांगितलं, हो, मलाही बारीक आवाज आला. सगळे नदीवर हातपाय धुवायला गेले. काका माझ्या शेजारी बसून पाय धूत होते. मी काहीतरी बोलायला गेलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, की तेराव्यानंतर येशील तेव्हा एक टोपी घेऊन ये.

मला जायला दोन महिने लागले. वडिलांचा मेंदू मॅडमनी दुसऱ्याकडून कापून घेतला, पण चकत्या रंगवायचं काम मी मागून घेतलं. ते मला दुसऱ्या कोणावर टाकायचं नव्हतं. काळ्या पट्ट्याच्या जागी जेमतेम एक मळकट रेघ उरली होती. तिथल्या पेशींत त्या आजाराच्या गोल गाठी होत्या, आणि तशाच गाठी वर, विचार करायच्या भागातही पसरलेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, म्हणून त्यांना माणसं दिसायची, म्हणून संशय यायचा. चांगली केस आहे, असंही म्हणाल्या आणि मग जीभ चावली. मी म्हटलं, असू द्या, त्यांनाही हेच हवं होतं.

टोपी घेऊन मी गावी गेलो. काका ओट्यावर बसले होते, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. मी सगळं सांगितलं. फिका पट्टा, गाठी, त्या कुठवर पसरल्या होत्या ते. ते नवी टोपी मांडीवर ठेवून तिची घडी बोटाने दाबत राहिले.

"म्हंजे ते मना भाऊ नही बोलना," ते म्हणाले.

इतकी वर्षं चकत्या बघून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कुठली पेशी मेली ते काचेवर दिसतं. तोंडातून आलेला शब्द कोणाचा होता, ते दिसत नाही. मॅडमना विचारलं असतं तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. काका माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची हनुवटी वडिलांसारखीच हलत होती.

"नाही काका," मी म्हटलं. "ते तुमचे भाऊ नव्हते."

त्यांनी टोपी उलगडली आणि डोक्यावर घातली.