डायरेक्ट केलेली पायरी

मी शालिग्राम. शेलूबाजारचा. सारे मले शालिक म्हनतात. फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, आता नाही. मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवतो, म्हनजे मंग कोनी म्हनू नये का शालिकनं लपवलं. पन ही गोष्ट माही नाही, संघपालची हाय. मी त्यात घुसलो, त्याले आता काय करता.

संघपाल गाड्यायचं लाइटीचं काम करते. हायवेच्या कडेले, टायरवाल्याच्या बाजूले त्याचं टिनाचं दुकान हाय. पाटी नाही. मी एकदा म्हनलं, "अरे बाप्पा, पाटी तरी लाव, लोकायले समजन तरी." तं म्हनते, "ज्याची गाडी बंद पडली त्याले दुकान सापडतेच, शालिकभाऊ." असा मानूस. बोलनं कमी, पाहनं जास्त. गाडी समोर आली का आधी हातच लावत नाही. उकिडवा बसते आन् नुसता पाहत राह्यते, जसा पोरगी पाहाले आला. गिऱ्हाईक इकडं घामाघूम.

त्याचे मायबाप दोघंबी रोजमजुरीनं जानारे. तरी पोराले त्यायनं वाशिमच्या आयटीआयत घातलं, वायरमनच्या कोर्सले. तिथून तो पुन्याले गेला आन् आठ वर्षं मोटारहोमच्या कारखान्यात राह्यला. मोटारहोम म्हनजे चाकावरचं घर. आत पलंग, गॅस, संडास, सगळं. पैसेवाले लोक त्यात बसून देश हिंडतात. तिथं संघपालकडं एकच काम होतं, दारातली पायरी. दार उघडलं का गाडीच्या पोटातून पायरी आपोआप बाहेर येते, दार लावलं का आत जाते. आठ वर्षं भाऊनं पायऱ्याच बसवल्या. मंग बाप गेला, माय एकटी पडली, तं पगार सोडून वापस आला. मी म्हनलं, "भैताड हायेस तू." तं हासला नुसता.

आमच्या दवाखान्याची गाडीबी अशीच जुनी मोटारहोम होती. पुन्याच्या एका घरानं संस्थेले दान देली. संस्थेनं आतले पलंग काढले, तपासाचा टेबल बसवला, औषधाचं कपाट लावलं, आन् गाडी मंगरूळपीर तालुक्यातल्या गावोगाव, तांड्यातांड्यावर फिरू लागली. डॉक्टरीनबाई, मंजुषा नर्स आन् मी. पह्यल्याच महिन्यात पायरी खर्रखर्र करू लागली, म्हनून मी संघपालकडं नेली. तो खाली घुसला तो दहा मिनिटं आवाजच नाही. बाहेर आला तं तोंडभर चिखल आन् डोळे भरलेले. म्हनते, "शालिकभाऊ, हे मीच बसवली. खाली खिळ्यानं तारीख कोरली हाय, माहं अक्षर हाय."

तवापासून दर शनिवारी तो त्या पायरीखाली. बाभळीच्या काटकीनं सांध्यातली काळी माती कोरून काढे, जुन्या टूथब्रशनं घासे, पानी मारून, पुसून, वाळवून मंग सुका स्प्रे मारे. मी ग्रीसचा डबा पुढं केला तं हात बाजूले सारला. "ग्रीसले धूळ चिकटते, भाऊ. आन् आपल्या मातीची धूळ चिकटली का सिमेंटच होते ते." वायरीच्या जोडावर हिरवं चढलं का तेबी खरवडे. एवढी सेवा तं मी माह्या लगनाच्या बायकोची केली नाही, आन् हे मी तिच्यासमोर बोललो होतो, त्याचंबी भोगलं.

पन पायरीले खरा तरास मातीचा नोता, चपलायचा होता. आपल्याकडं दवाखान्यात कोनी पायतानं घालून चढते का? नाही चढत. मंग काढायच्या कुठी? खाली ठेवल्या तं कुत्रं नेते. म्हनून लोक त्या पायरीवरच ठेवत, नीट, टाचेले टाच लावून. डॉक्टरीनबाई सांगू सांगू थकली. दार लागलं का पायरी चपला घेऊनच आत जाये आन् अर्ध्यात अडके. त्या पायरीले एक काळी डबी होती. संघपाल म्हने, अक्कल त्या डबीत हाय. काही अडकलं का डबी मोटर तिथंच थांबवते, म्हनजे कोनाचा पाय सापडू नये. पन रोज दहादा अडकून अडकून डबीबी वेडी झाली. काही नसलं तरी थांबे. मी उन्हात उतरा, चप्पल शोधा, चप्पल नाही, दार उघडा, दार लावा. डोकं नुसतं तापे.

नवी डबी पुन्याहून यायले पंधरा दिवस होते. मी संघपालले म्हनलं, "काढून टाक ते. डायरेक्ट कर."

"नाही करत," तो म्हने. "डायरेक्ट मोटरले कळत नाही का समोर चप्पल हाय का पाय."

"पंधरा दिवसाचाच सवाल हाय!"

"पंधरा दिवस रोज माह्याकडं आना. रोज पाहतो. पन डबी नाही काढत."

दोन दिवस मी त्याच्या मागं लागलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुकानासमोर, टायरवाला ऐकत असताना ओरडलो, "जमत नसन तं सांग! वाशिमले दुसरा पाहतो. मोठा पुन्यात शिकून आला म्हनते!" हे मी बोललो. उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग, दुसरं काय. तो लय वेळ उकिडवा बसून राह्यला. मंग उठला, डबी सोडवली, बॅटरीवरून सरळ वायर ओढली आन् माह्या सीटजवळ बटन लावून देलं. बटन दाबताना माहा हात धरला त्यानं. "शालिकभाऊ, आता अक्कल तुमच्याकडं हाय. दाबायच्या आधी उतरून पाहजा. दरवेळेस. हाव म्हना."

मी हाव म्हनलं. चार दिवस उतरूनबी पाह्यलं.

पाचव्या दिवशी तांड्यावर गाडी होती. मोतीबाई आली, साठी उलटलेली, बीपीच्या गोळ्या न्यायले. आपली जुनी मानसं कशी, पायरी चढायच्या आधी हात लावून कपाळाले लावतात, तशी ती चढतानी लावे. आन् उतरल्यावर पलटून, वाकून अजून एकदा लावे. दवाखान्यालेबी आन् देवळालेबी एकच रीत तिची. त्या दिवशी ती उतरली, मंजुषानं दार लावलं, आन् मले पुढच्या गावची घाई. मी आरशातबी पाह्यलं नाही. दाबलं.

ती किंचाळी मले अजूनबी जेवतानी आठवते.

डबी असती तं तिथंच थांबली असती पायरी. उजव्या हाताची तीन बोटं सापडली. दोन मोडली, एकाचा शेंडाच गेला. कापूस वेचनारा हात होता तो.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे साहेब आले. मले इचारलं, "पायरी बरोबर चालत होती ना?" माह्या डोळ्यासमोर माही नोकरी आली. मी म्हनलं, "हाव साहेब, बरोबर होती." साहेबानं लिहून टाकलं, पेशंटनं निष्काळजीपनानं मशिनमध्ये हात घातला. झालं! चोर सोडून संन्याशाले फाशी.

संघपालले टायरवाल्याकडून समजलं. तो आला, माह्याकडं पाह्यलं आन् एकच इचारलं, "उतरून पाह्यलं होतं?" मी उलटा त्याच्यावरच भडकलो, "वायर तं तूच लावली ना!"

"हाव," तो म्हने. "मीच लावली."

मंग तो स्वतः साहेबाकडं गेला, एस्टीनं. सांगतलं का डबी मी काढली होती, बाईची काही चूक नाही. माहं नाव घेतलं नाही. साहेब म्हनले, रिपोर्ट गेला वर, आता विषय वाढवू नको, आन् पुन्हा आमच्या गाडीले हात लावू नको. जी पायरी त्यानं बसवली, दर शनिवारी धुतली, ती त्याच्यासाठी बंद झाली. वापस येऊन दुकानात बसला. बापा, मले दोन शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

पुढच्या फेरीले मोतीबाई आली नाही. त्याच्या पुढच्या फेरीलेबी नाही. तिच्या गोळ्यायचं पाकीट मंजुषाच्या कपाटात तसंच पडून. मी दुकानासमोरून गेलो का संघपाल इचारे, "आली का ते?" मी मान हालवे. दुसऱ्यांदा मान हालवली तं त्यानं मंजुषाकडून ते पाकीट मागून आनलं, दुकानाचं शटर ओढलं आन् माह्या मोटारसायकलवर मागं बसला. "चाला."

तांड्यावर मोतीबाईचा पोरगा हेमसिंग दारातच भेटला. आमाले पाहून तोच शरमला. "काय करता भाऊ, माही मायच तशी. मशिनमंदी हात घालते का कोनी? साऱ्या तांड्यात हासू झालं. आता घराच्या भाईर निंघत नाही, गोळ्याबी बंद केल्या तिनं." आत मोतीबाई भिंतीले टेकून बसली होती. तोंड रडून सुजलेलं. उजवा हात पदरात लपवलेला. आमाले पाहून ती घाबरली. खरंच घाबरली. म्हनते, "बाबा, चुकलं माह्या हातून. तुमची पायरी तुटली का माह्यापायी? भरून मांगाले आले का तुमी?"



संघपाल तिच्यासमोर खाली बसला, मातीवर. "माय, ऐक. त्या पायरीत एक डबी असते. हात आला का ते पायरी थांबवते. ते डबी मी काढली होती. ते असती तं तुहा हात वाचला असता. तुही काहीच चूक नोती. माही होती."

ती हळूच म्हने, "काहून काढली रे? कोनं सांगतलं तुले?"

संघपालनं मान खाली घातली. तो सांगू शकत होता. मी उभाच होतो बाजूले, बोट दाखवायचीबी गरज नोती. पन तो मातीत पाहत बसला.

"मी सांगतलं," मी म्हनलं. "नाही म्हनत होता तो. मी भांडून करून घेतलं. आन् बटनबी मीच दाबलं, न पाहता. आन् साहेबाले खोटंबी मीच बोललो." आवाज असा निंघाला, जसा दुसराच कोनी बोलून राह्यला.

मले वाटलं आता शिव्या पडतीन. पडाव्या असंच वाटत होतं. पन तिनं आमच्याकडं पाह्यलंच नाही. तिनं पोराकडं पाह्यलं, आन् त्या म्हातारीच्या गळ्यातून एवढा आवाज निंघाला का भाईरची कोंबडी उडाली, "ऐकलं का रे हेमसिंग? माही चूक नोती!"

हेमसिंगच्या डोळ्यात पानी आलं. संघपालनं गोळ्यायचं पाकीट पुढं केलं. तिनं एक गोळी तिथंच घेतली, पान्यासंगं, आमच्यासमोर. मंग भिंतीले धरून उठली. "चाला."

"कुठी, माय?"

"घरोघर. मले सांगतलं ना, आता समद्यायले सांगा."

साहेबाले मी दुसऱ्या दिवशी खरं सांगतलं, रिपोर्ट बदलला आन् माही नोकरी गेली. ते सोपं होतं, बंद खोलीतलं काम. हे नोतं सोपं. सव्वीस घरं हायेत त्या तांड्यात. मोतीबाई पुढं, आमी दोघं मागं. संघपाल पह्यले आपली चूक सांगे आन् थांबे, माह्यासाठी जागा सोडून. मंग मी बोले. पाचव्या-सहाव्या घरी मले वाटलं, बस झालं, आता गावभर पसरनच. पन प्रत्येक दारात ती आधी पदरातून तो हात काढून वर करे, लेकीसुना भाईर येईस्तोवर थांबे, आन् मंग आमाले म्हने, "सांगा आता."