बोकडाचं काळीज आणि दगडूमामांचा निरोप

आधीच सांगतो, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. बायको दाराला लिंबू-मिरच्या बांधायची, तर मी त्यातली मिरची काढून पोह्यांत टाकायचो आणि बोलणी खायचो. मेडिकल कॉलेजात लॅब असिस्टंट होतो, सगळी नोकरी बेडूक आणि बोकडांच्या संगतीत गेली. मेलेलं परत येत नाही, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल... पण दगडूमामा तर मेलेलेही नव्हते. तिथंच सगळी पंचाईत आहे.

गोष्ट सोलापूरची, पंचाहत्तर-शहात्तर सालची. आमच्या माने मॅडम तेव्हा एम.डी.चा प्रबंध करत होत्या. परदेशात एकाचं हृदय दुसऱ्याला बसवायला लागले होते, पण काढलेलं हृदय फार वेळ टिकत नसे. गार खाऱ्या पाण्यात ठेवून ते किती तासांनी पुन्हा चालू करता येतं, हे मॅडम बोकडाच्या हृदयावर बघत होत्या. चार तास जमले होते, सहा काही केल्या जमत नव्हते. आणि शनिवारी पुण्याहून परीक्षक येणार होते. "या वेळी नाही झालं तर विषय बंद," असं मोठ्या सरांनी बजावलेलं. दोन वर्षं बाई जेवणखाण विसरून राबल्या होत्या हो!

हृदय आणायचं काम दगडूमामांचं – आमचे जुने शिपाई. महिन्याभरापूर्वी त्यांना लकवा मारला. सोलापूरबाहेर कुंभारी गावात घरी पडून होते, उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी नाक धरून खाटीक मौलाचाचांच्या दुकानात गेलो आणि सांगून आलो, "उद्या सकाळी एका बोकडाचं अख्खं काळीज ठेवा." आता काळीज धडधडतं, काळजाचं पाणी होतं... म्हणजे काळीज म्हणजे हृदयच की! खाटकाकडे काळीज म्हणजे यकृत, हे मला कुठून ठाऊक असणार?

शनिवारी सकाळी आठला बर्फाची बादली आणि त्यात खाऱ्या पाण्याचा डबा घेऊन पोचलो. बोकड अजून उभाच.

"चाचा, कापला नाही अजून?"

"तुमीच काळीज बोले थे ना? मैं तो काटकोच रखनेवाला था," चाचा म्हणाले. "तो मामा आये. बोले, 'मौला, काळीज न्हवं, दिल पायजे. आन् बर्फ आल्याबिगर बोकडाला हात लावू नगंस, दिल मरतंय.' अब्बीच गये."

मी रस्त्यावर डोकावलो. कुणी नव्हतं. वाटलं, मामा सुधारले असतील, मॅडमनी रिक्षातून बोलावलं असेल. जास्त विचार करायला वेळ नव्हता. चाचांनी हृदय काढलं, मी ते तसंच धडधडतं गार पाण्यात सोडलं आणि सायकल हाणली.

दुपारी सव्वादोनला सहा तास भरले. मॅडमनी हृदयाला नळ्या जोडल्या, कोमट खारं पाणी सोडलं. परीक्षक हातात घड्याळ घेऊन बसलेले. एक मिनिट... दोन... पाच. काही नाही. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मग कडेला एक बारीक फडफड झाली – परत थांबली – आणि मग धप्. धप्, धप्! परीक्षकसुद्धा "वा!" असं मोठ्यानं बोलून गेले. मॅडम हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

परीक्षक गेल्यावर मी म्हटलं, "बरं झालं मॅडम, तुम्ही मामांना पाठवलंत."

"कुठल्या मामांना?"

संध्याकाळी आम्ही दोघं पेढे घेऊन कुंभारीला गेलो. मामी दारातच भेटल्या. मामा सकाळी सोलापूरला आले होते का, असं मी विचारलं.

"चेष्टा करताय व्हय, शिवाप्पा? त्येंची कूससुदीक मलाच बदलावी लागती. आन् आज तर लई भ्या दावलं त्येंनी. सकाळी आठाच्या टायमाला हातपाय बर्फावानी गार. हाक मारली तर डोळा उघडंनात. मोहोळच्या लेकीला सांगावा धाडला की मी! दुपारच्याला आपसूक ऊब आली बगा."

मॅडमनी मामांचं मनगट धरलं आणि अख्खं मिनिट नाडी मोजली. "चांगली चालू आहे," एवढंच म्हणाल्या.

मौलाचाचांना नंतर दहादा खोदून विचारलं. ते उलट मलाच वेड्यात काढायचे – मामांशी बोललो, तंबाखू मळून दिली, आता काय कुराण उचलू? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "गारव्यात हृदय का टिकतं ते मी सांगू शकते, शिवाप्पा. हे नाही."

मामा पुढे काठी टेकत चालायला लागले, चार शब्द बोलायला लागले. एकदा धीर करून विचारलंच, "मामा, त्या दिवशी दुकानात तुम्हीच आला होता का हो?"

मामा शब्द जुळवत म्हणाले, "बाई... पास झाल्या न्हवं?"

"झाल्या की, मामा."

"मंग झालं तर."